एफएल स्टुडिओवर हलगीचा ठेका बसतो का? बसतो, पण हात लावावा लागतो

आमच्या लातूर-उदगीरकडं लग्नसराई आली की हळदीच्या गाण्यांचे रिमिक्स, चौदा एप्रिल जवळ आला की जयंतीची गाणी, आन् हे सगळं पोरं बनवायलेत कशावर तर बहुतेक एफएल स्टुडिओ ह्या कॉम्प्युटरवर गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरवरच. नवीन पोरं सारखी विचारतात घेऊ का, जमंल का, म्हणून फक्त बीट, म्हणजे गाण्याचा ठेका, बनवण्यापुरतं लिहायलोय, मिक्सिंग आणि व्होकलचा विषय वेगळा.

बीटसाठी याच्याएवढं सोपं सॉफ्टवेअर मला तरी दुसरं घावलं नाही. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीनं 1997 ला हे काढलं तेव्हा नाव होतं फ्रूटीलूप्स आणि ते मुळात ड्रम मशीनच होतं, बाकी सगळं मागून जोडत गेले, 2003 ला नाव बदललं. म्हणून चॅनेल रॅक उघडला की अजून पण तेच, एका आवाजाला एक ओळ, ओळीत 16 डब्बे, दाबला की पेटतो. किक (खालचा धम्म आवाज) 1, 5, 9, 13 वर, क्लॅप (टाळी) 5 आणि 13 वर, हॅट (झांजेचा बारीक आवाज) 3, 7, 11, 15 वर टाका आणि प्ले दाबा, डीजेचा सरळ ठेका तयार. ढोलकी कानानं शिकलेलं, नोटेशनचा न पण माहीत नसलेलं पोरगं पहिल्याच बैठकीत एवढं करतंय, मी समोर बसून बघितलंय.

आता खरी गोष्ट हलगीची. तयार सॅम्पल पॅकमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संचात, आपली हलगी जवळजवळ नसतेच, असली तरी तापवलेल्या हलगीचा जो कडक आवाज असतो तो त्यात येत नाही, त्यामुळं वाजवणाऱ्याला गाठून एकेक ठोका सुटा रेकॉर्ड करून घ्या, जाड टिपऱ्याचा वेगळा, बारीक काडीचा वेगळा आणि प्रत्येकाचे चार-पाच तरी घ्या. एकच ठोका सगळ्या डब्ब्यांत टाकला की हलगी नाही, टाइपरायटर वाजल्यासारखं वाटतं. मग चॅनेल रॅकमधला ग्राफ एडिटर उघडा, व्हेलॉसिटीच्या (ठोक्याच्या जोराच्या) दांड्या वरखाली करा, सगळे ठोके सारख्या जोराचे ठेवू नका. एवढ्यानं पण पुरत नाही कारण वाजवणारा डब्ब्यात मापून वाजवत नसतो, काडीचा ठोका जरा अलीकडं-पलीकडं येतो आणि तिथंच तर पाय हलायला लागतात. त्याच एडिटरमध्ये शिफ्ट म्हणून ऑप्शन आहे, त्यानं ठोका किंचित उशिरा पडतो. डिफॉल्ट सेटिंगला एका डब्ब्यात 24 टिक (वेळेचे बारीक तुकडे) असतात, 120 च्या टेम्पोला (मिनिटाला 120 बीट) एक टिक म्हणजे साधारण 5 मिलिसेकंद, मी काडीचे ठोके तीन-चार टिक सरकवतो, जास्त सरकवलं की पडल्यासारखं वाटतं. ठोका अलीकडं ओढायचा असला तर पियानो रोलमध्ये, म्हणजे प्रत्येक ठोका पट्टीसारखा दिसतो त्या खिडकीत, जा, आल्ट दाबून धरून ओढा. चॅनेल रॅकच्या वर स्विंगचं बटन आहे, पण ते एकाआड एक डब्बे सरकवतंय, हिपहॉपला भारी, हलगीला नाही.

दादरा चालीचं, सहा मात्रांचं गाणं असलं तर 16 डब्ब्यांत कोंबत बसू नका. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइम सिग्नेचर 3/4 करा, बार, म्हणजे एक आवर्तन, 12 डब्ब्यांचा होतो, दोन डब्ब्यांना एक मात्रा, सम 1 वर आणि चौथी मात्रा 7 वर. तुळजापूरच्या गोंधळ्यांचा संबळ ऐकून मी असंच बसवायलोय, दोन भांड्यांचे आवाज दोन चॅनेलला. आणि ढोलकीचा घुमणारा ठोका बंद ठोक्यानं तुटायला पाहिजे ना, त्याला चॅनेल सेटिंगमधलं कट आणि कट बाय वापरा, दोन्हीला एकच नंबर द्या. हे केल्याबिगर ढोलकी चिखलात वाजल्यासारखी येते.

बेसचं बघा. 808 ची किक सगळ्यांनाच पाहिजे असते, 808 म्हणजे रोलँड कंपनीचं 1980 चं ड्रम मशीन, पण तिची लांब शेपटी ढोलकीच्या धुमावर चढून बसते. किक आखूड करा नाहीतर पॅरामेट्रिक ईक्यू 2 नं (आवाजातले खालचे-वरचे सूर कमीजास्त करायचं टूल) ढोलकीचा खालचा भाग काढा. लॅपटॉपच्या स्पीकरवर हे कळतच नाही, हेडफोन लावा आणि गाडीत वाजवून बघा.

खटकलेलं म्हणजे एवढी पियानोंची, सिंथची गर्दी आणि आपल्या चामड्याच्या वाद्यांचं कायच धड नाही, सगळं आपणच गोळा करायचं. दुसरं, मदतीचे व्हिडिओ सगळे ट्रॅप आन् ईडीएम असल्या बाहेरच्या संगीताचे. लाइट जायचा त्रास आपल्याकडं कायमचाच, तिथं मात्र ऑटोसेव्हनं वाचवलंय, ब्राउझरमध्ये बॅकअप फोल्डरला जुनी फाइल सापडते, पण सेटिंगमध्ये चालू आहे का ते आधी बघून घ्या.

क्रॅकच्या, म्हणजे चोरून फुकट चालवायच्या कॉपीच्या, नादाला लागू नका, व्हायरसनं हार्डडिस्क गेलेली पोरं माझ्या ओळखीत आहेत आणि लोकांच्या लग्नाची गाणी त्यात गेली. ट्रायल फुकट आहे, त्यात गाण्याची एमपी3, वेव्ह फाइल निघते, फक्त सेव्ह केलेलं प्रोजेक्ट विकत घेईस्तोवर परत उघडत नाही, म्हणून त्याच बैठकीत बीट पूर्ण करा आणि प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह काढून ठेवा. एकदा घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट. सुटे ठोके टाकून बीटच करायचे असले तर फ्रूटी एडिशन पुरतं, गायकाला माइकवर बसवणार असाल तर प्रोड्युसर एडिशन घ्या.