दोन महाग विज्ञानपट, दोन हिशेब

‘ब्लेड रनर 2049’ (2017) आणि ‘ड्यून’ (2021) यांचा दिग्दर्शक एकच, डेनी व्हिलनव्ह. खर्चही जवळपास सारखा: पहिल्याला किमान 15 कोटी डॉलर, दुसऱ्याला सुमारे 16.5 कोटी.

पहिल्याने जगभरात 26-27 कोटी जमवले. आकडा मोठा वाटतो, पण तिकिटाचा ढोबळमानाने अर्धा वाटा थिएटरकडेच राहतो. म्हणजे निर्मितीखर्चही निघत नाही, जाहिरात वेगळीच. अमेरिकेत त्याला ‘आर’ श्रेणी मिळाली, त्यामुळे 17 वर्षांखालची मुलं पालकांशिवाय बाद. ‘ड्यून’ला ‘पीजी-13’, म्हणजे मुलांना एकट्यानंही प्रवेश. अमेरिकेत थिएटरमध्ये लागला त्याच दिवशी घरबसल्या पाहायला मिळूनही त्याने 40 कोटी ओलांडले.

लांबीत मात्र दोघंही सारखेच मार खातात. ठाण्या-वाशीच्या मल्टिप्लेक्सचं गणित मांडू: 163 मिनिटांचा ‘ब्लेड रनर 2049’, जाहिराती, मध्यंतर, साफसफाई धरून 45 मिनिटं, एकूण 208. सकाळी 9 ते रात्री 1 मध्ये चारच खेळ बसतात. दोन तासांच्या सिनेमाचे पाच. ‘ड्यून’चे 155 मिनिटांतही चारच! निर्माते ही कात्री का लावत नाहीत, देव जाणे.

पैसे लावायचे तर ‘ड्यून’च्या वाटेवर, आणि त्याच्यासारखी कथा दोन भागांत तोडूनच.