असाइनमेंट विकत घेतली, पुढे धमकी आली

‘उद्या सबमिशन, अजून एक ओळ नाही’ अशी पोस्ट रात्री साडेअकराला टाका, पाच मिनिटांत ‘पैसे द्या, आम्ही लिहून देतो’ असा डीएम येतो. समोर कोणी माणूस जागा बसलेला नसतो. ‘एसे’, ‘असाइनमेंट’, ‘डेडलाइन’ हे शब्द टिपून उत्तर देणारे बॉट लावलेले असतात. आपण हो म्हटलं की माणूस येतो, तोही फार गोड बोलणारा. बहुतेकदा तो ‘तुमच्याच कॉलेजचा सीनियर’ असतो.

या फसवणुकीची पद्धत आता इतकी ठरून गेली आहे की पुढची पायरी आधी सांगता येते. पहिल्या गप्पांत विषय, शब्दसंख्या, तारीख. मग ‘सरांनी नेमकं काय मागितलंय ते बघू दे’ म्हणून पोर्टलचा स्क्रीनशॉट. त्या एका चित्रात विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, रोल नंबर, विषयाचा कोड आणि शिक्षकाचं नाव असतं, हे देणाऱ्याच्या डोक्यातही येत नाही. त्यानंतर ‘फाइल आम्हीच अपलोड करून देतो’ म्हणून लॉगिन आणि पासवर्ड. निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स. इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं, कारण गिऱ्हाइकाला खूश ठेवण्याची गरज इथपर्यंतच असते.

फाइल येते डेडलाइनच्या दोन-तीन तास आधी. मुद्दामच, म्हणजे वाचायला वेळ उरत नाही. सोबत ‘प्लेजरिझम शून्य टक्के’, म्हणजे मजकूर कुठून उचललेला नाही, असा रिपोर्ट. हा रिपोर्ट भलत्याच फाइलचा असू शकतो. त्यावरची शब्दसंख्या आणि आपल्या फाइलची शब्दसंख्या ताडून पाहिली की पुष्कळदा तिथेच बिंग फुटतं. रिपोर्ट खरा असेल तर भानगड आणखी वाईट. टर्निटिनसारख्या उचलेगिरी पकडणाऱ्या यंत्रणेत तपासलेली फाइल साठवून ठेवायची सोय असते. विकणाऱ्याने तपासताना ती साठवली गेली, तर विद्यार्थी तीच फाइल जमा करतो तेव्हा ती जवळजवळ पूर्ण जुळते, तीही दुसऱ्याच कुठल्या तरी खात्यातून आलेल्या पेपरशी.

शून्य टक्के आणण्याची आणखी एक युक्ती आहे, तीही बघून ठेवा. चोरलेल्या मजकुरातली काही इंग्रजी अक्षरं काढून त्यांच्या जागी हुबेहूब दिसणारी सिरिलिक, म्हणजे रशियन लिपीतली, अक्षरं बसवतात. डोळ्याला काही फरक कळत नाही. पण स्क्रीनवर समोर दिसणारा शब्द स्वतः टाइप करून शोधा, तर ‘सापडला नाही’ असं उत्तर येतं, आणि साध्या साध्या शब्दांखाली लाल रेघा उमटतात. तपासणाऱ्या यंत्रणा आता अशी बदललेली अक्षरं वेगळी दाखवतात. मग चोरीच्या जोडीला फसवायचा इरादाही कागदावर येतो.

संदर्भसूची तर बघवत नाही. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, लेख मात्र कधी छापलाच गेलेला नाही. डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, ‘१०.’ने सुरू होतो. तो डीओआयच्या साइटवर टाकला की अर्ध्या मिनिटात कळतं: लेख उघडत नाही, नाहीतर भलताच उघडतो.

आणि फाइल स्वतःच बोलते. वर्डमध्ये ‘फाइल’, मग ‘इन्फो’ उघडलं की लेखक, शेवटचा बदल करणारा आणि एकूण एडिटिंगचा वेळ दिसतो. ३,००० शब्द मिनिटाला ४० या वेगाने नुसते टाइप करायचे म्हटले तरी ७५ मिनिटं लागतात. तिथे ‘४ मिनिटं’ आणि अनोळखी नाव दिसलं की शिक्षकाला पुढे फारसं विचारावं लागत नाही.

तक्रार केली, पैसे परत मागितले, किंवा बँकेला सांगून व्यवहार फिरवायचा प्रयत्न केला, की गोड माणसाचा सूर पालटतो. ‘चॅट, पावती, स्क्रीनशॉट, सगळं तुझ्या विभागप्रमुखांना पाठवतो.’ कधी ही धमकी काही महिन्यांनी, निकाल लागल्यावर येते. निबंधाचे पैसे हा चिल्लर भाग होता. खरी कमाई इथून पुढे. लबाडी करायला निघालेला गडी दाद मागायला कुठे जाणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

धमकीत पोलिसांचं नाव हमखास येतं. असाइनमेंट लिहून विकण्याचा हा धंदा ऑस्ट्रेलियात २०२० पासून आणि इंग्लंडमध्ये २०२२ पासून कायद्याने गुन्हा आहे, आणि दोन्हीकडचा कायदा विकणाऱ्याला धरतो. विद्यार्थ्यावर कारवाई होते ती संस्थेच्या नियमांनुसार. ती कडक असू शकते, पण धमकी देणारा रंगवतो ती गोष्ट वेगळी.

अशात सापडलात तर आणखी एक रुपयाही देऊ नका. दिलेत, की पैसे निघतात एवढंच त्याला कळतं. उत्तर देणं थांबवा, पण चॅट पुसू नका. घाबरून पहिलं काम सगळे तेच करतात आणि पुरावा स्वतःच्या हाताने घालवतात. तारीख, वेळ आणि समोरच्याचं खातं दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्स्पोर्ट करा, मगच ब्लॉक करा.

पासवर्ड दिला असेल तर त्याने पाठवलेली एखादी फाइल जिथे उघडली, त्या यंत्रावरून बदलू नका. आधी ईमेलचा पासवर्ड, मग पोर्टलचा, कारण बाकी सगळ्यांची रिसेट लिंक ईमेलवरच येते. ‘सगळीकडून साइन आउट’ करा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. इथेच बहुतेक जण थांबतात, आणि चूक होते. ईमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. तिथे कोणी स्वतःचा पत्ता घालून ठेवला असेल, तर पासवर्ड बदलल्यावरही तुमचे मेल त्याच्याकडे जात राहतात. रिकव्हरीचा फोन नंबर आणि पर्यायी ईमेल तुमचेच आहेत ना, तेही पाहा.

मित्राला ‘फक्त बघायला’ दिलेली असाइनमेंटही याच वाटेने बाजारात जाते. तुमचं लेखन तुमच्याआधी जमा झालं, तर चोर तुम्ही ठरता. मसुदे आणि व्हर्जन हिस्टरी जपून ठेवलेली असेल तरच सुटका.

राहिला शिक्षकांना लिहायचा मेल. चार ओळी पुरतात: कोणत्या विषयाची असाइनमेंट, कधी घेतली, जमा केली की नाही, धमकी कोणत्या तारखेला आली. कारणं लिहीत बसू नका. स्क्रीनशॉट जोडा आणि धमकी देणाऱ्याने दिलेली मुदत संपायच्या आत पाठवा. फाइल अजून जमा केलेली नसेल तर करू नका, आणि तेही त्याच मेलमध्ये लिहा.