नॉर्थवुडचा म्हणून विकलेला बाऊल नकली निघाला, कार्निव्हल ग्लास घेणाऱ्यांनी जरूर वाचा

ओहायो, पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया या पट्ट्यात राहणाऱ्या आणि सुट्टीला अँटिक मॉल (जुन्या वस्तूंचे भाड्याचे गाळे असलेली दुकानं) पालथे घालणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितेय, कारण इकडे कार्निव्हल ग्लास पावलोपावली दिसते आणि त्यात फसवणूकही तेवढीच चालते. पाण्यावर रॉकेलचा तवंग आला की जसे रंग खेळतात ना, तशी झळाळी असलेली ही काच. 1907-08 पासून ती याच भागात बनायला लागली, विल्यम्सटाऊनला फेंटन, व्हीलिंगला नॉर्थवुड, नदीपलीकडे बेलेअरला इंपिरियल या कंपन्यांत. साच्यात दाबून काढलेली काच गरम असतानाच तिच्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारायचे. तेव्हा हा स्वस्तातला माल होता, आता चांगल्या पीसला शेकडो डॉलर पडतात, म्हणून नकला.

मला विकला गेला तो निळा गुडलक बाऊल. मध्ये घोड्याची नाल, चाबूक, गुड लक अशी अक्षरं, भोवती फुलं आणि गव्हाच्या लोंब्या. चिठ्ठीवर चक्क लिहिलेलं, नॉर्थवुड, 1910च्या सुमारास, किंमत 260 डॉलर. नॉर्थवुडचा शिक्का, गोलातला एन, कुठे दिसत नाही असं मी विचारलं तर विकणाऱ्या बाई म्हणाल्या, नॉर्थवुडने सगळ्या मालावर शिक्का मारलाच नव्हता. आणि हे खरंच आहे! खरी माहिती पुढे करून खोटा माल खपवायचा ही यांची पद्धत, वर आजीच्या कपाटातून निघालाय, घर विकायला काढलंय वगैरे गोष्ट तयार असतेच.

नंतर एका जुन्या संग्राहक बाईंना दाखवला. त्यांनी पुढची बाजू पाहिलीसुद्धा नाही, हातात घेतला तो थेट उलटाच केला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. पाठ गुळगुळीत. नॉर्थवुडच्या गुडलक बाऊलच्या पाठीला एकतर उभ्या रेघा असतात किंवा टोपलीसारखी वीण असते, कोरी पाठ म्हणजे अलीकडची नक्कल, विषय संपला. मग त्यांनी तळाची कड खिडकीकडे धरून दाखवली. तिथे ओरखडे होते पण सगळे एकाच दिशेने, एकमेकांना समांतर, म्हणजे कोणीतरी सँडपेपर घासून बाऊल म्हातारा केलेला. खरंच शंभर वर्षं टेबलावर सरकलेल्या भांड्याचे ओरखडे बारीक आणि आडवेतिडवे असतात आणि जिथे बूड टेकतं तिथेच असतात. हे पाहिल्यावर माझा संताप संताप झाला, कारण नवीन माल न कळून जुना म्हणून विकला गेला असं एकवेळ होऊ शकतं, पण सँडपेपर चुकून घासला जात नाही.

शिक्का असला तरी हुरळून जाऊ नका. खरा नॉर्थवुडचा शिक्का म्हणजे गोलात एन आणि त्याखाली रेघ. 1970च्या दशकात एल. जी. राइट नावाच्या कंपनीने याच्याशी मिळताजुळता शिक्का वापरला, फक्त एनला एक जास्तीची तिरकी रेघ जोडलेली, वाकड्या डब्ल्यूसारखा दिसतो तो. इंपिरियलने 1960च्या दशकात जुन्या साच्यांतून परत माल काढला पण त्यावर आयजी अशी अक्षरं टाकली, फेंटननेही 1970 पासून पुन्हा सुरू केला तेव्हा लंबगोलात आपलं नाव घातलं. इंपिरियल आणि फेंटनने काही लपवलं नाही, पण मधले लोक ती नावं घासून काढतात. म्हणून तळाला मध्येच एखादा मंद, किंचित खोलगट चट्टा दिसला, बोटाला वेगळा लागला, तर ठेवून द्या सरळ.

रंगाचंही तसंच. जुना लाल म्हटलं की मुख्यतः फेंटन, तोही 1920च्या दशकातला. नॉर्थवुडचा लाल गुडलक म्हणून कोणी देत असेल तर पुढे बोलूच नका. काचेचा मूळ रंग झळाळीवरून कळत नाही, तो बूड उजेडासमोर धरूनच बघायचा.

आपल्याकडेही ही काच बनलीय बरं का, फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सच्या फ्लॉवरपॉटवर जैन हे नाव साच्यातच उमटलेलं असतं, आणि त्या वस्तूंना आता संग्राहकांमध्ये स्वतःची किंमत आहे. तेव्हा घरी आजीच्या वेळचा मासा किंवा हत्ती असलेला असा पॉट असेल तर भंगारात देऊ नका प्लीज.

पैसे? नाही मिळाले. काउंटरवर म्हणाले गाळा भाड्याने दिलेला आहे, आमची जबाबदारी नाही, विकलेला माल परत नाही. बिलावर फक्त काचेचा बाऊल एवढंच होतं, चिठ्ठी त्यांनी काढून घेतलेली. त्यामुळे घेताना बिलावर कंपनी आणि साल लिहून मागा आणि पैसे द्यायच्या आधी चिठ्ठीचा फोटो काढा, लिहून द्यायला का कू करणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

माझ्या बाऊलच्या तळाला मी कोरायच्या पेनने नक्कल असं इंग्रजीत खोलवर कोरून टाकलंय, म्हणजे उद्या तो कुठेही गेला तरी परत जुना म्हणून विकता येणार नाही. कोणाला घ्यायच्या आधी शंका असेल तर मला फोटो पाठवा, पण पाठीचा आणि बुडाचा, पुढून सगळेच छान दिसतात.