‘सेट’ या एका शब्दावर पाच इंग्रजी शब्दकोशांची परीक्षा

इंग्रजी शब्दकोश पारखताना बहुतेक जण एखादा लांबलचक, अवघड शब्द शोधून बघतात. त्याने काही कळत नाही. ‘फोटोसिंथेसिस’ला अर्थ एकच, आणि तो कुठल्याही बऱ्या कोशात बरोबरच सापडतो. कोशाचा कस लागतो तो सेट, रन, गेट, पुट अशा आखूड शब्दांवर. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या वीस खंडी दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती: एकट्या क्रियापदाचे ४३० अर्थ, मजकूर सुमारे साठ हजार शब्दांचा. पुढे त्या कोशाच्या सुधारणेच्या कामात ‘रन’ या क्रियापदाची नोंद ६४५ अर्थांवर गेली आणि २०११मध्ये पहिला नंबर ‘सेट’च्या हातून निसटला. ऐकायला मजा वाटते, पण हे आकडे पोटअर्थ आणि जुने-पुराणे वापर धरून काढलेले असतात. वाचता वाचता अडलेल्या माणसाला ४३० अर्थ नको असतात. त्याच्या वाक्यातला एक हवा असतो, तोही लवकर.

म्हणून इथे ‘सेट’ची पाच वाक्यं घेऊन पाच कोश तपासले आहेत. ‘द सिमेंट हॅजन्ट सेट येट’ म्हणजे सिमेंट अजून घट्ट झालेलं नाही. ‘द नॉव्हेल इज सेट इन लंडन’ म्हणजे कादंबरी लंडनमध्ये घडते. ‘प्राइसेस आर सेट टू राइज’ म्हणजे भाव वाढण्याची चिन्हं आहेत. ‘द रिपेअर सेट मी बॅक अ लॉट’ म्हणजे दुरुस्ती चांगलीच महागात पडली. आणि ‘शी सेट अबाउट क्लीनिंग द रूम’ म्हणजे ती खोली साफ करायला लागली. कोशात अर्थ आहे की नाही हा प्रश्नच नाही, पाचांतही असतो. तो किती लवकर हाती लागतो आणि लागल्यावर वाक्य नीट लिहिता येतं का, हे पाहायचं.

शोधण्याच्या वेगात लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश सर्वांत पुढे आहे. १९७८च्या पहिल्या आवृत्तीपासून याच्या व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात, त्यामुळे अर्थ शोधताना आणखी एक शब्द शोधायची पाळी सहसा येत नाही. लांब नोंदीत प्रत्येक अर्थाच्या तोंडाशी एक-दोन शब्दांची पाटी असते: अमुक अर्थ गोष्टीचा, अमुक सूर्याचा, अमुक गोंद-सिमेंटचा. डोळा फक्त पाट्यांवरून फिरवायचा. ऑनलाइन आवृत्तीत क्रियापद, नाम, विशेषण आणि सगळी फ्रेजल व्हर्ब्ज (‘सेट बॅक’, ‘सेट अप’सारख्या क्रियापद आणि छोट्या शब्दाच्या जोड्या) एकाच पानावर असल्याने ‘सेट बॅक’साठी दुसरीकडे उडी मारावी लागत नाही. व्याकरणाच्या खुणाही नेमक्या आहेत. कादंबरीच्या अर्थाशी लिहिलेलं असतं की याच्यापुढे स्थळ किंवा काळ सांगणारा शब्द यायलाच हवा. नुसतं ‘द नॉव्हेल इज सेट’ अर्धवट राहतं. उणीव एकच आणि ती खटकते: शब्द किती वापरात आहे याची खूण शब्दाच्या डोक्यावर असते, अर्थाशेजारी नाही. ‘सेट’ अत्यंत प्रचलित आहे हे सांगून काय मिळालं? त्याचा कोणता अर्थ आधी पाठ करायचा ते कळायला हवं.

ती उणीव ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी भरून काढते. या कोशाचं मूळ हॉर्नबी आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या, १९४२मध्ये टोकियोत छापलेल्या कोशात आहे, आणि शिकणाऱ्याला वाक्य रचता आलं पाहिजे हा हट्ट आजही पानोपानी दिसतो. ऑनलाइन आवृत्तीत महत्त्वाच्या अर्थाशेजारी ए१, बी२ अशी शिकण्याची पातळी (ए१ सर्वांत सोपी) दिलेली असते. मात्र इथे शोधणाऱ्याला थोडं व्याकरण यायला हवं. क्रियापद, नाम आणि विशेषण यांची पानं वेगळी आहेत. ‘प्राइसेस आर सेट टू राइज’ क्रियापदाच्या पानावर कितीही शोधा, दमाल. ते विशेषणाच्या पानावर, ‘तयार, होण्याच्या बेतात’ या अर्थाखाली आहे. फ्रेजल व्हर्ब्जचीही यादी तेवढी शेवटी असते, प्रत्येकाचं पान स्वतंत्र. छापील आवृत्तीत आणखी एक नियम लक्षात ठेवावा लागतो: ‘सेट’सारख्या गर्दीच्या क्रियापदाचे वाक्प्रचार त्याच्याखाली न देता वाक्प्रचारातल्या नामाखाली किंवा विशेषणाखाली दिलेले असतात. ‘सेट द पेस’ हवं असेल तर ‘पेस’ उघडा.

एवढा त्रास सोसायचं कारण म्हणजे दुहेरी बाण. ‘सेट अप’च्या दोन शब्दांमध्ये कर्म आणि दोन टोकांचा बाण दिसला की समजायचं, कर्म मध्येही चालतं आणि शेवटीही: ‘सेट अप अ मीटिंग’, ‘सेट अ मीटिंग अप’. कर्म सर्वनाम असेल तर मात्र मध्येच: ‘सेट इट अप’. ‘सेट बॅक’चा ‘काम रखडवणे’ हा अर्थ बाणवाला आहे. ‘महागात पडणे’ या अर्थाला बाण नाही, कारण तिथे माणूस मध्येच बसतो आणि रक्कम शेवटी. बाण न बघणारे नेमके इथे चुकतात. लाँगमनमध्येही बाण आहेत, पण उदाहरणांची निवड ऑक्सफर्डची सरस वाटते.

कॉलिन्स कोबिल्डचा बाज निराळा. जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली बर्मिंगहॅम विद्यापीठात, संगणकात साठवलेल्या खऱ्या मजकुरावरून तयार झालेला हा कोश १९८७मध्ये आला. याची व्याख्या म्हणजे पूर्ण वाक्य असतं: गोंद किंवा सिमेंट ‘सेट’ होतं तेव्हा ते कडक होतं, या धर्तीचं. कर्ता कोण, कर्म लागतं का, हे व्याख्येतच कळतं. वेगळ्या खुणा शिकायची गरज नाही. दोष संकेतस्थळाचा आहे. त्याच पानावर कोबिल्डखाली ब्रिटिश आणि मग अमेरिकन कोश लागतात, आणि घाईत खाली सरकलेला वाचक कुठल्या कोशात पोचला हे त्याला कळत नाही. पहिला भाग संपला की थांबावं.

केंब्रिज थोडक्यात: व्याख्या सोप्या, अर्थांचे गट मोठ्या अक्षरांतल्या सूचक शब्दांनी पाडलेले, पातळ्याही दिलेल्या. नवशिक्याला पुरे. पण ‘सेट अबाउट’नंतर ‘क्लीनिंग’सारखं आयएनजीचं रूप आणि ‘सेट आउट’नंतर ‘टू क्लीन’ हा फरक पाहायचा तर दोन वेगळी पानं उघडावी लागतात. हा फरक शेजारी शेजारी दिसला तरच डोक्यात राहतो.

मेरियम-वेब्स्टर हा अमेरिकन कोश शिकणाऱ्याच्या हाती पहिला कोश म्हणून देऊ नये. त्यात अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावलेले असतात, सर्वांत जुना आधी. शिवाय सगळे सकर्मक अर्थ संपल्याशिवाय अकर्मक सुरू होत नाहीत, त्यामुळे मावळणारा सूर्य आणि घट्ट होणारं सिमेंट पार तळाशी. पहिला अर्थ काय, तर ‘बसेल असं करणे’. सवयीने पहिलाच अर्थ उचलणारा इथे हमखास फसतो. पण मराठी वाचकाला हाच क्रम एक किल्ली देऊन जातो: ‘सेट’ हे मुळात ‘सिट’चं प्रयोजक रूप, म्हणजे आपलं ‘बसवणे’. अंगठीत खडा बसवतात, मोडलेलं हाड बसवतात, कवितेला चाल बसवतात. तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’ चालतं. ‘संच’ हा नामाचा अर्थ मात्र यात कोंबू नये. त्यात लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला वेगळा शब्द मिसळला आहे.

फोनवरची इंग्रजी-मराठी अ‍ॅप्स या परीक्षेत घेतली नाहीत, कारण त्यांतली बरीचशी नुसती रांग देतात: संच, ठरवणे, मावळणे, स्थापन करणे, घट्ट. यातलं कुठलं केव्हा, याचा पत्ता नाही.

कोश कोणताही असो, शोधण्याआधी वाक्याकडे दोनदा बघावं. ‘सेट’च्या मागेपुढे, तीन-चार शब्दांच्या अंतरावरसुद्धा, अप, ऑफ, आउट, इन, बॅक, असाइड यांपैकी काही आहे का? असेल तर शोधपेटीत दोन्ही शब्द एकत्र टाका. कर्म आहे का तेही पाहा: कर्म नसलेलं ‘सेट ऑफ’ म्हणजे निघणे, कर्म असलेलं म्हणजे अलार्म वाजवणे किंवा फटाका उडवणे. या क्रियापदाची तिन्ही रूपं सारखीच आहेत. ‘शी सेट द टेबल’मध्ये एस नाही, म्हणजे भूतकाळ. ‘दे सेट द टेबल’ला मात्र पुढचं-मागचं वाक्य वाचण्यावाचून इलाज नाही.

जुन्या शिफारशींत मॅकमिलन या आणखी एका कोशाच्या मोफत संकेतस्थळाचं नाव हमखास सापडेल. ते २०२३मध्ये बंद झालं, शोधत बसू नका. त्याची छापील प्रत कुठे जुनी मिळाली तर मात्र घ्या: पाच किंवा अधिक अर्थांच्या शब्दांना सुरुवातीलाच चौकटीत अर्थांची छोटी अनुक्रमणिका दिलेली आहे, आणि कागदावर ‘सेट’ शोधायला ती फार सोयीची पडते.