शेणखत स्प्रेडर: दोन हंगाम भाड्यानं चालवल्यावर

शेणखत पसरायच्या यंत्राची, खत मागं सरकवणारी तळाची साखळी तुटली आणि शोरूमवाल्याशी चांगलंच वाजलं, म्हणून हे लिहायला घेतलं. निपाणी-चिकोडी पट्ट्यात ट्रॅक्टरमागचा शेणखत स्प्रेडर मी दोन हंगाम भाड्यानं चालवतोय. किंमत, किती एचपीचा ट्रॅक्टर, 540 आरपीएमचा पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागं यंत्र फिरवणारा दांडा) हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही.

आधी यंत्राची चांगली बाजू. आमच्याकडं पद्धत अशी की ट्रॉलीतून रानात ढीग टाकायचे आणि मग बायका पाटीनं विस्कटणार. आता मजूर वेळेवर मिळत नाहीत आणि ढीग आठ-आठ दिवस उन्हात वाळत पडतात. पुढं त्या ढिगांच्या जागी ऊस काळाभोर येतो, मधल्या पट्ट्यात पिवळट. स्प्रेडरनं पसरलेल्या रानात हे ठिपके दिसत नाहीत, आणि गिऱ्हाईक परत बोलावतं ते याच कारणानं. धनगर मेंढरं बसवतो तेव्हा रोज रात्री वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) पुढं सरकवतो, म्हणून सगळ्या रानाला सारखं खत मिळतं. यंत्राकडून मला तेवढंच हवंय.

आता लिव्हरबद्दल, आणि यावर मी जास्त लिहिणार आहे. साखळीचा वेग बदलायच्या लिव्हरवर 1 ते 5 आकडे कोरलेत. त्या आकड्यांचा अर्थ पुस्तिकेत नाही, शोरूममध्ये कुणाला सांगता येत नाही. 3 वर ठेवलं तर एकरी किती टन पडतं? उत्तर नाही. एवढे पैसे घेऊन विकलेल्या यंत्रावर हे चालत नाही. भाड्याचं काम करणारा माणूस शेतकऱ्याला ट्रॉल्या विकत नसतो, एकरी अमुक इतकं खत सारखं टाकून देतो असा शब्द देत असतो. आकडाच माहीत नसेल तर शब्द कशावर द्यायचा?

उपाय स्वस्त आहे. ताडपत्रीचे एक मीटर बाय एक मीटरचे तुकडे कापा, यंत्राच्या वाटेवर आडवे ओळीत अंथरा, वरून एक फेरी मारा आणि प्रत्येक तुकड्यावरचं खत ताणकाट्यावर मोजा. चौरस मीटरला एक किलो म्हणजे एकरी साधारण चार टन, गुंठ्याला शंभर किलो. उसाला एकरी 10 टन टाकायचं असेल तर तुकड्यावर अडीच किलो यायला हवं. माझ्या यंत्रात मधल्या तुकड्यावर साडेतीन किलो आलं आणि डाव्या कडेला जेमतेम एक. म्हणजे खत जिथवर उडतं तितकी रुंदी धरून फेऱ्या मारल्या, तर रानात पट्टे पडणारच. आता मी फेऱ्या जवळ घेतो, कडेवर कड चढवतो. पीटीओचा वेग 540 वरून हलवत नाही, प्रमाण बदलायला फक्त गिअर आणि लिव्हर वापरतो. ओलं शेण आणि भुसभुशीत कुजलेलं खत एकाच आकड्यावर वेगवेगळं पडतं, म्हणून खताचा ढीग बदलला की ताडपत्री पुन्हा अंथरायची. गिऱ्हाइकाला समोर उभं करून मोजलं की दरावरची घासाघीस निम्म्यानं कमी होते.

कोंबडीखताबाबत माझं मत मध्येच बदललं. पहिल्या हंगामात वाटायचं की यासाठी यंत्र झकास आहे, हलकं खत, सुटसुटीत उडतं. हिशेब मांडल्यावर चित्र वेगळं दिसलं. साध्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात, कोंबडीखतात तीन टक्क्यांच्या आसपास. एकरी 10 टन शेणखत म्हणजे 50 किलो नत्र, तेही पहिल्या पिकाला सगळं मिळत नाही. तेवढंच कोंबडीखत टाकलं तर 300 किलो, आणि लागणीच्या उसाला नत्राची शिफारसच हेक्टरी 250 किलो, म्हणजे एकरी 100 किलो. माझ्या यंत्राची सगळ्यात कमी मात्रा एकरी चार टन, म्हणजे 120 किलो नत्र एका दणक्यात. भाजीपाल्याच्या कोवळ्या रोपांचं काय होईल ते सांगायला नको. परत त्याच लिव्हरवर येतो: 1 च्या खाली एक संथ टप्पा असता तर हा प्रश्नच नव्हता. सध्या एक भाग कोंबडीखत आणि तीन भाग जुनं शेणखत किंवा कारखान्याचा प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ) आधी मिसळून घेतो, मगच भरतो. नुसतं कोंबडीखत पसरायचं काम आलं तर नाही म्हणतो.

आता साखळी. वळीव तोंडावर, रोज फोन, आणि भरलेल्या यंत्राची साखळी भर रानात तुटली. सगळं खत फावड्यानं उपसून काढावं लागलं. शोरूमचा मेकॅनिक आला, बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "अण्णा, दगड गेलाय आत. ह्ये वॉरंटीत बसत न्हाई." तुटलेली कडी मी पुसून त्याच्यासमोर धरली. वेल्डिंगच्या सांध्याचा निम्मा भाग आतून गंजलेला, निम्मा चकचकीत. दगडानं एका फटक्यात तुटली असती तर अख्खा सांधा चकचकीत दिसला असता. चीर आधीपासून होती. फोटो काढले, तक्रार लेखी दिली, पोच घेतली. मग साखळी मिळाली, पण बसवायचे पैसे घेतलेच आणि हंगामाचे मोक्याचे दिवस गेले ते वेगळेच. तोवर चिकोडीच्या लेथवाल्यानं पिना करून दिल्या म्हणून थोडं तरी काम उरकलं. यंत्र घेताना जादा कड्या, पिना आणि शिअर बोल्ट हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. शिअर बोल्ट मूळ मापाचा आणि मूळ ग्रेडचाच वापरा. जोर जास्त झाला की आधी मोडण्यासाठीच तो असतो. त्याजागी कडक बोल्ट ठोकला की मोडायची पाळी गिअरबॉक्सवर येते.

दगडाचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही. गायरीतून (शेणाच्या खड्ड्यातून) काय काय निघतं: विटा, तारा, साडीचे तुकडे, जनावरांच्या इंजेक्शनच्या सुया. भरताना एक माणूस नुसता बघायला उभा ठेवतो. बीटरला (मागं फिरून खत उडवणाऱ्या भागाला) चिंधी गुंडाळली तर ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, मगच हात घालायचा. पीटीओच्या शाफ्टवर कव्हर नसेल तर काम सुरूच करत नाही, आणि खांद्यावर टॉवेल टाकून यंत्राजवळ कुणाला येऊ देत नाही.

खतात हुमणी (पिकाची मुळं खाणारी अळी) आहे का बघणं तितकंच महत्त्वाचं. ढीग चार ठिकाणी फावड्यानं उकरायचा. इंग्रजी सी सारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या किंवा आत अजून वाफ आणि उग्र वास असेल, तर ते खत उसाच्या रानात नेत नाही, शेतकरी कितीही गडबड करो. एका गावची अळी आणि काँग्रेस गवताचं बी दुसऱ्या गावच्या रानात नेऊन पेरायचं काम आपल्या हातून होता कामा नये. म्हणून एका रानातून निघताना यंत्र त्याच रानात धुतो. धुण्यानं पत्राही टिकतो, शेण-मुताचा थर रात्रभर राहिला तर गंज धरायला वेळ लागत नाही.

पसरलेलं खत त्याच दिवशी मातीत गेलं पाहिजे. उघड्यावर ऊन-वाऱ्यात पडून राहिलं की नत्र अमोनिया होऊन उडून जातं आणि शेतकऱ्याचे पैसेही. त्यामुळं मागं कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर ठरलेला असेल तरच तारीख देतो. काळ्या रानात वापसा आल्याशिवाय चाक घालत नाही. भरलेलं यंत्र ओल्या मातीत गेलं की चाकोरी दबते ती पीक निघेपर्यंत सुटत नाही. विहिरीपासून, ओढ्यापासून शंभर फूट सोडतो. वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या मळीच्या रानात तर पाऊस दिसत असेल तेव्हा जातच नाही, कारण तेच पाणी खालच्या गावात पितात. हायवेवरून नेताना वर ताडपत्री आणि मागं रिफ्लेक्टर, अंधार पडल्यावर अजिबात नाही.

हे सगळं वहीत लिहितो: सर्व्हे नंबर, खत कुठलं, ताडपत्रीवरचं वजन, गिअर, लिव्हरचा आकडा, तारीख आणि गिऱ्हाइकाची सही. सोयाबीन पिवळं पडलं म्हणून एकानं भांडण काढलं, तेव्हा वही उघडली. कुजलेलं शेणखत, एकरी पाच टन, खाली त्याचीच सही. विषय तिथंच संपला.

यंत्र घ्यावं का? स्वतःच्या तीन-चार एकरांसाठी घेऊ नका, भाड्यानं बोलवा. भाड्याचा धंदा करायचा असेल तर घ्या, पण शोरूमवाल्याला ताडपत्री अंथरून चाचणी दाखवायला लावा आणि लिव्हरच्या प्रत्येक आकड्याचं वजन बिलाच्या पाठीमागं लिहून घ्या. मला आता खाली वजन दाखवणारे लोड सेल बसवायचेत. बेळगाव, संकेश्वर किंवा अथणीकडं कुणी स्प्रेडरला बसवले असतील तर खर्च किती आला आणि खडबडीत रानात आकडा स्थिर राहतो का, तेवढं कळवा.