टीटी टेबल: नऊ महिने, आठ चाकं

गणपतीला दोन दिवस उरले असताना आमच्या टेबल टेनिसच्या (टीटी) टेबलाचं चाक तुटलं. हॉल रिकामा करायचा होता म्हणून वॉचमनमामा आणि दोन पोरांनी टेबलाचा अर्धा भाग उभा दुमडला आणि कोपऱ्याकडे ढकलायला घेतला. दाराच्या पट्टीवर चाक अडलं, कट्ट आवाज झाला आणि पंचेचाळीस किलोचा तो भाग मामांच्या अंगावर कलला. पोरांनी वेळेत धरला म्हणून बरं. टेबल डिसेंबरात आलं होतं, म्हणजे वापर जेमतेम नऊ महिन्यांचा.

ठाण्यातली आमची सोसायटी, ६४ घरं. टेबल घ्यायचं ठरलं तेव्हा मीटिंगमध्ये तासभर भांडण झालं ते फक्त वरच्या फळीच्या जाडीवरून. १८ एमएम की २५ एमएम? तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा तरुणपणी ऑफिसच्या टीममधून खेळायचे. त्यांचं म्हणणं, २५ च्या खाली टेबल म्हणजे जेवणाचं टेबल. आमच्या हातात आलेल्या कोटेशनांत १८ चं २६,५०० ला होतं आणि २५ चं ४१,०००. वर्गणी मीच गोळा करत होतो, त्यामुळे १८ चं घेतलं हे सांगायला नको. खाली वाकून पाय कुणी बघितले नाहीत, मीही नाही. सगळी गोम तिथेच होती.

आमच्या टेबलाचे पाय थेट चाकांवर उभे आहेत. एका भागाला चार, दोन भागांना मिळून आठ. पायाच्या तळाशी फिरवून उंची कमी-जास्त करायचा स्क्रू, म्हणजे लेव्हलर, एकालाही नाही. दुकानातल्या गुळगुळीत सपाट फरशीवर हे लक्षातच येत नाही. आमचा हॉल मात्र पूर्वी उघडा होता, काचा नंतर लागल्या. पाणी जायला दिलेला फरशीचा ढाळ अजून तसाच आहे.

जानेवारीपासूनच तक्रार सुरू झाली, खिडकीकडच्या कोपऱ्यात चेंडू मरतो, म्हणजे नीट उसळत नाही, म्हणून. आधी खापर चेंडूंवर फुटलं. डझनाचे स्वस्त चेंडू मीच आणले होते, त्यामुळे टोमणेही मलाच. आजोबांना तर २०१४ नंतरचे प्लास्टिकचे चेंडू मुळातच पसंत नाहीत, आणि गुण ते अजून हल्लीच्या अकराऐवजी जुन्या एकविसापर्यंतच मोजतात. मग थ्री स्टार, म्हणजे वरच्या दर्जाचे, चेंडू आणले. तरी तेच. मग निकाल लागला, १८ चं घेतलं की असंच होणार. मी गप्प बसलो, कारण मलाही तसंच वाटत होतं. याच सुमारास एका साइटवर मी या टेबलाला दोन तारे देऊन ‘टॉप बोगस’ असं लिहून आलो. ते शब्द आज परत घेतो.

कारण मार्चमध्ये मुलाच्या कंपासपेटीतली ३० सेंटीमीटरची पट्टी घेऊन बसलो. नियम साधा आहे: चेंडू ३० सेंटीमीटरवरून नुसता सोडला की साधारण २३ सेंटीमीटर उसळला पाहिजे, आणि टेबलभर सारखाच. मोबाइल समोर ठेवून संथ व्हिडिओ काढले. मधोमध २३. कोपऱ्यात २२, कधी २३. म्हणजे चेंडू मरत नव्हताच! मरत होता आवाज. त्या कोपऱ्याखालचं चाक फरशीला टेकतच नव्हतं, चार एमएम अधांतरी. खाली एटीएम कार्ड सरकवून बघितलं, चार कार्डं आरामात गेली. बाकी टेबलावर ‘टक्’ आणि तिथे पोकळ ‘ठप्’. कानाला ठप् ऐकू आलं की हात आपोआप खाली जातो, चेंडू नेटमध्ये, आणि दोष फळीला. पाणसळ ठेवली तर दोन भागांच्या सांध्यावर एक भाग तीन एमएम वर. नेटची उंची मधोमध १५.२५ सेंटीमीटर आणि एका बाजूला १५. आम्ही तीन महिने यावर मॅचेस खेळत होतो, हरल्यावर भांडत होतो.

तात्पुरता उपाय म्हणून चाकाखाली पुठ्ठा ठेवला. पण हॉलमध्ये सकाळी योगा, संध्याकाळी टीटी. टेबल रोज दोनदा हलतं, पुठ्ठा रोज हरवतो. ब्रेकची प्लास्टिकची पट्टी फेब्रुवारीतच तुटली होती, त्यामुळे जोरात स्मॅश करून कुणी टेबलावर रेललं की टेबल सरकायचं.

जुलैमधली चूक मात्र आमची. सफाईला येणाऱ्या ताईंनी टेबल ओल्या पोछ्यानं पुसलं, नेटच्या क्लॅम्पजवळ पाणी साचून राहिलं, कडेची पट्टी सुटली आणि आतला पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी, फुगला. तिथे आता खरोखर १८ सेंटीमीटरच उसळी मिळते. फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. आधी ताईंवर चिडलो, पण कोरडं फडकं वापरा हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ‘इनडोअर’ टेबलाचा अर्थ मला तेव्हा कळला. चार भिंतींच्या आतलं पाणीसुद्धा याला चालत नाही.

आता सर्व्हिसबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही, वाद मिटलाय. चाक तुटल्यावर फोन केला. ‘सर, फोटो पाठवा.’ पाठवला. ‘सर, बिलाचा फोटो.’ तोही पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, चाकं वॉरंटीत येत नाहीत, ती झिजणारी वस्तू. अहो, झिजलं नाही, तुटलंय! दांडा पायात नुसता ठोकून बसवलेला, आटे नाहीत की नट नाही. एकच चाक मिळत नाही, आठांचा सेटच घ्यावा लागतो: ३,२०० रुपये, माणूस येण्याचे ७५० वेगळे, वर जीएसटी. तोपर्यंत गणपती बसले होते आणि आमचं टेबल जिन्याखाली बेडशीट पांघरून उभं होतं.

विसर्जनानंतर तुटकं चाक खिशात घालून स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो. त्यानं चाक उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, ‘हे खुर्चीचं आहे का?’ त्यानं तीन इंची पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनची, चाकं दिली, लांब आट्यांच्या दांड्याची, ब्रेकसकट, १४० ला एक. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्यानं आठही पायांना नट वेल्ड करून दिले, ६०० घेतले. एकूण १,७२० रुपये. वॉरंटी गेली, पण होती तरी कुठे?

मजा पुढे आहे. दांड्याला आटे असल्यामुळे चाकच आता लेव्हलर झालंय. पाना घेऊन अर्धा तास पाणसळीशी खेळलो, सांधा एका रेषेत आणला, उंची ७६ वर ठेवली. ढाळ रोज त्याच जागी असल्यामुळे टेबल ठरल्या फरशांवरच आणायचं, म्हणून चाकांच्या जागी रंगाचे आठ ठिपके मारलेत. खिडकीच्या कोपऱ्यातून आता ‘टक्’ येतं. आजोबा एक शब्द बोलले नाहीत, पण परवा स्वतः त्या बाजूला उभे राहून मला ११-४ हरवून गेले. अकराला थांबले, हेच विशेष.

तर टेबल एका जागी राहणार असेल आणि खेळणारी मंडळी आमच्यासारखी असतील, तर १८ चं खुशाल घ्या. शिकवणी चालवायची असेल, स्पर्धा भरवायच्या असतील, तर २५ ला पर्याय नाही. पण रोज हलवणार असाल तर दुकानात आधी जमिनीवर बसा, लेव्हलर आहे का बघा, चाकाचा दांडा हातानं फिरवून बघा. दुकानदार हसेल, हसू दे. दोन ताऱ्यांचे साडेतीन करतोय. अर्धा फुगलेल्या कडेसाठी कापला असता, पण ती चूक आमची, म्हणून तो चाकांच्या खात्यात टाकला.

जुनी सात चाकं पिशवीत घालून ठेवली आहेत. कुणाला खुर्चीला लावायची असतील तर फुकट घेऊन जावीत.