एफ-वन फॅन्टसी: दहा कोटी डॉलरचा संघ आणि त्याचा हिशेब

क्रिकेटच्या फॅन्टसी खेळावर हात बसलेल्या मुंबईकराला फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींचा अधिकृत फॅन्टसी खेळ सुरुवातीला चांगलाच चकवतो. क्रिकेटमध्ये प्रत्येक सामन्याला नवी अकरा नावे निवडायची, कर्णधार ठरवायचा आणि सामना संपला की सारे विसरून जायचे, अशी सवय अंगवळणी पडलेली असते. येथे मात्र मार्चमध्ये उभा केलेला संघ डिसेंबरपर्यंत सांभाळावा लागतो आणि दर शर्यतीपूर्वी त्यात दोनच बदल मोफत करता येतात. एक बदल न वापरता ठेवला तर पुढच्या शर्यतीला तीन मिळतात, आणि त्यापलीकडे केलेल्या प्रत्येक बदलाला 10 गुणांची कात्री लागते. पुढे दिलेला सारा हिशेब 2025 च्या मोसमातील नियमांवर बेतलेला आहे.

खेळाची मांडणी सोपी आहे. हाती दहा कोटी डॉलरचे काल्पनिक बजेट असते आणि त्यातून पाच चालक व दोन कन्स्ट्रक्टर, म्हणजे गाड्या उतरवणारे संघ, घ्यायचे असतात. एका खात्यावर तीन संघ उभारता येतात आणि ओळखीच्या लोकांची खासगी लीग काढता येते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या फॅन्टसी स्पर्धा देशात बंद पडल्या. हा खेळ मुळातच फुकट असल्यामुळे त्याला त्याची झळ लागली नाही. परळच्या आमच्या कचेरीतील लीगमध्ये क्रिकेटवाली मंडळी मोसमाच्या मध्यावर येऊन बसली, ती बहुधा याच कारणाने.

नवा खेळाडू पहिली चूक करतो ती चालकांवर पैसे उधळण्याची. अव्वल चालकाची किंमत तीन कोटी डॉलरच्या घरात जाते. असे दोन घेतले की उरलेल्या सव्वाचार-साडेचार कोटींत तीन चालक आणि दोन कन्स्ट्रक्टर बसवताना नाकी नऊ येतात, आणि सर्वांत बलवान कन्स्ट्रक्टर हातचा जातो. प्रत्यक्षात गुणांचे गणित कन्स्ट्रक्टरच्या बाजूला झुकलेले आहे. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे शर्यतीत सुटण्याचा क्रम ठरवणाऱ्या फेऱ्यांत, पहिल्या क्रमांकाला 10, दुसऱ्याला 9 असे उतरत्या क्रमाने दहाव्याला 1 गुण मिळतो, आणि शर्यतीत 25, 18, 15 ही खऱ्या अजिंक्यपदाचीच गुणसंख्या चालते. समजा, एखाद्या संघाचे दोघे चालक पहिल्या रांगेतून सुटले आणि त्याच क्रमाने शर्यत संपवली, तर कन्स्ट्रक्टरला दोघांचे क्वालिफाइंगचे 19, दोघेही क्वालिफाइंगच्या तिसऱ्या, शेवटच्या टप्प्यात पोहोचल्याचे 10 आणि शर्यतीचे 43 असे 72 गुण आधीच जमा होतात. त्यावर पिट स्टॉपचे गुण वेगळे: चाके बदलून गाडी 2.00 ते 2.19 सेकंदांत सुटली तर 10 आणि दिवसातील सर्वांत जलद थांबा ठरला तर आणखी 5. पोलवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या स्थानावरून सुटून, जिंकलेल्या चालकाचे मात्र 35 होतात, आणि ज्या एका चालकाचे गुण दुप्पट करण्याची सोय खेळात आहे ती त्याच्यावर वापरली तरी 70. म्हणजेच दुपटीचा हुकमी पत्ता टाकूनही चालक त्या कन्स्ट्रक्टरच्या किंचित मागेच राहतो. पाहणाऱ्याला ज्या पिट क्रूची नावेही ठाऊक नसतात, त्यांच्या हातोटीला येथे किंमत आहे, ही मला या खेळातील सर्वांत आवडलेली गोष्ट.

मात्र सरळसोट विजयापेक्षा मागून मुसंडी मारण्याला हा खेळ अधिक मोल देतो. ग्रिडवरील, म्हणजे सुटतानाच्या, क्रमावरून जितकी स्थाने वर सरकाल तितके गुण, प्रत्येक ओव्हरटेकला एक गुण, सर्वांत जलद फेरीला 10. 2024 च्या ब्राझीलमधील साओ पाउलो शर्यतीत पावसाने धुमाकूळ घातला, त्या दिवशी मॅक्स व्हर्स्टॅपन क्वालिफाइंगमध्ये बारावा आला, जादा इंजिन वापरल्याच्या दंडामुळे सतराव्या स्थानावरून सुटला आणि शर्यत जिंकला, शिवाय सर्वांत जलद फेरीही त्याचीच. क्वालिफाइंगचा एकही गुण नसताना 25, सोळा स्थानांचे 16 आणि जलद फेरीचे 10 असे 51 गुण ओव्हरटेक न मोजताच झाले. पोलवरून निवांत जिंकणाऱ्याच्या 35 शी हा आकडा ताडून पाहावा. इंजिनच्या दंडामुळे मागे ढकलला जाणारा चांगला चालक म्हणजे या खेळात चालून आलेली संधी असते. मोनॅकोत मात्र हेच गणित उलटते, कारण तेथे ओव्हरटेक जवळपास होतच नाहीत आणि शनिवारी पुढे असलेलाच रविवारी पुढे राहतो.

स्वस्त चालकांचे महत्त्वही येथूनच उगवते. 2025 च्या इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन शर्यतीच्या आठवड्यात माझ्या भाच्याने माझा संघ पाहून विचारले, "मामा, तू हा हुल्केनबर्ग कशाला घेतलास? तो कधी पोडियमवर तरी आलाय का?" प्रश्न रास्त होता. निको हुल्केनबर्गच्या नावावर तोपर्यंत एकही पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतले स्थान, नव्हते आणि त्याच्या सॉबर संघाची गाडी शेवटच्या रांगांत रेंगाळत होती. मी त्याला घेतला होता तो किमतीकडे पाहून. महागड्या कन्स्ट्रक्टरसाठी पैसे मोकळे करायचे होते. तो एकोणिसाव्या स्थानावरून सुटून तिसरा आला, तेव्हा त्याचे 239 शर्यतींतले ते पहिले पोडियम ठरले. फॅन्टसीत तिसऱ्या स्थानाचे 15 आणि सोळा स्थानांचे 16, म्हणजे 31 गुण ओव्हरटेकपूर्वीच खिशात. भाच्याने पुढच्याच आठवड्यात त्याला आपल्या संघात घेतला, हे सांगायला नकोच.

एक कोटीच्या आतल्या अशा चालकांचा आणखी एक उपयोग बजेट फुगवण्यासाठी होतो. किमती दर शर्यतीनंतर बदलतात आणि चालकाने गेल्या काही शर्यतींत आपल्या किमतीच्या मानाने किती गुण मिळवले यावर त्या ठरतात. स्वस्त नावांची किंमत महागड्यांपेक्षा झपाट्याने चढते व तितक्याच झपाट्याने उतरते. म्हणून जाणती मंडळी मोसमाच्या पहिल्या टप्प्यात गुणतालिकेकडे थोडा कानाडोळा करतात, चढत्या किमतीची नावे धरतात, आणि शर्यतींच्या ऑगस्टमधील उन्हाळी सुट्टीनंतर वाढलेल्या बजेटमध्ये असा संघ उभा करतात की मार्चमध्ये तो कोणालाच परवडला नसता. हे सूत्र नवख्याला सहज उमगत नाही, आणि खेळाने ते दर आठवड्याला चालकाच्या नावाशेजारी साध्या आकड्यांत मांडले तर मधल्या फळीतले खेळाडू वैतागून सोडून जाणार नाहीत.

माझा खरा आक्षेप मात्र उणे गुणांना आहे. शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली किंवा गाडी अपात्र ठरली की चालकाला सरळ उणे 20. अपघातात चूक कोणाची होती, इंजिन का बसले, याला काहीच अर्थ नाही. त्याचे टोक नोव्हेंबर 2025 मध्ये लास व्हेगासला दिसले. आपल्याकडे ती शर्यत रविवारी सकाळी साडेनऊला सुरू झाली, पोलवरून सुटलेला लँडो नॉरिस दुसरा आणि ऑस्कर पियास्त्री चौथा आला, आणि काही तासांनी दोन्ही मॅक्लारेन गाड्यांच्या तळाच्या फळीवरचे स्किड, म्हणजे घासपट्ट्या, नियमातील 9 मिलिमीटरपेक्षा पातळ भरल्यामुळे दोघेही अपात्र ठरले. ज्यांनी मॅक्लारेन कन्स्ट्रक्टर आणि वर दुपटीसाठी नॉरिस असा बेत केला होता, त्यांचे गुण तिन्ही बाजूंनी उलटले. मिलिमीटरच्या अंशाने झिजलेल्या फळीचा अंदाज कोणी कसा बांधावा? ज्यांनी त्या आठवड्यात 'नो निगेटिव्ह' ही उणे गुण रद्द करणारी चिप (खास सवलत) वापरली असेल तेच वाचले, पण ती मोसमात एकदाच मिळते. नॉरिसने पुढे अबू धाबीत 423 गुणांसह, व्हर्स्टॅपनपेक्षा अवघ्या दोन गुणांनी, खरे विजेतेपद मिळवले. फॅन्टसीत त्याच्यावर दुप्पट भरवसा टाकणाऱ्यांना त्या एका दिवसाची भरपाई इतक्या सहज मिळाली नाही. अपात्रतेला उणे 20 आणि इंजिन बिघाडाला तितकेच, हा न्याय मला पटत नाही. बिघाडाला निम्मी शिक्षा पुरेशी ठरली असती.

बाकीच्या चिपांपैकी 'लिमिटलेस' ही एका शर्यतीपुरते बजेटचे बंधन उठवते आणि स्प्रिंट असलेल्या आठवड्यासाठीच राखून ठेवावी, कारण त्या आठवड्यात गुण कमावण्याची एक जादा शर्यत असते. 2025 मध्ये असे सहा आठवडे होते. 'वाइल्डकार्ड' बजेटच्या आत हवे तितके बदल करू देते. मुंबईत बसून खेळणाऱ्याने खास विचार करावा तो 'फायनल फिक्स'चा. युरोपातील क्वालिफाइंग आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेसातला असते आणि संघ त्याआधी पक्का करावा लागतो. चर्चगेटहून निघालेल्या लोकलमध्ये उभ्याने फोन हातात धरून बदल करणारी मंडळी मी पाहिली आहेत. ऑस्टिनसारख्या शर्यतीला मात्र क्वालिफाइंग रविवारी पहाटे अडीचला असते आणि मुख्य शर्यत त्याच रात्री साडेबाराला. 'फायनल फिक्स'ने क्वालिफाइंग झाल्यावरही एक चालक बदलता येतो, त्यामुळे ही चिप अमेरिकेतील शर्यतीसाठी ठेवली तर रात्रभर जागायचे कारण उरत नाही: रविवारी सकाळी चहा घेताना ग्रिड पाहावे, कोणाला दंड झाला, कोणी भिंतीवर गाडी घातली हे शांतपणे तपासावे आणि दुपारच्या जेवणाआधी तो एक बदल करून मोकळे व्हावे.